जिप्सीचं स्टिअरिंग ६०-७० ला फडफडतंय: किंगपिन, टाय रॉड की पाट्यांचे बुश?

गायमुख_फोरबायफोर (ठाणे)

गाडी जिप्सी किंग, एमजी४१३डब्ल्यू, २०११ ची. पॉवर स्टिअरिंग नाही. पुढे-मागे मूळचेच पाटे (लीफ स्प्रिंग), पण शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) मूळपेक्षा एक इंच लांब. टायर मड टेरेन, एक माप मोठे.

लक्षणं अशी:

१) वेग ६० ते ७० च्या दरम्यान असताना पुढचं डावं चाक खड्ड्यात किंवा उड्डाणपुलाच्या जोडावर आपटलं की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोरात फडफडायला लागतं. ४० च्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. गुळगुळीत रस्त्यावर ८० पर्यंत काहीही नाही.

२) सरळ स्थितीत स्टिअरिंगच्या कडेला मोजलेला प्ले (चाकं न वळता स्टिअरिंग जेवढं मोकळं फिरतं ते) साधारण ४५ मिमी.

३) वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपलं आपण सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं.

४) डाव्या नकलच्या (चाकासोबत वळणारा, अॅक्सलच्या टोकाचा भाग) मागच्या बाजूला काळपट, पातळ ओघळ.

बॅलन्सिंग दोनदा झालं. अलाइनमेंटवाल्याने मशीनवर घेऊन सगळं ओके सांगितलं. स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकप) नवीन टाकला, पंधरा दिवस बरं होतं, मग परत तेच. आता गॅरेजवाला म्हणतो टाय रॉड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), स्टिअरिंग बॉक्स, पाट्यांच्या टोकांतले सगळे रबरी बुश असा पूर्ण सेटच बदलू. एवढं सगळं बदलायच्या आधी तपासायचं कसं आणि कुठल्या क्रमाने?

---

पाटा_शॅकल (कळंबोली)

सेट बदलू नका. पूर्ण सेट बदलूनही फडफड तशीच राहिलेल्या जिप्सी कमी नाहीत, कारण दोष त्या सेटमध्ये नसलेल्या भागात असतो.

बॅलन्सिंगचा दोष आणि ही फडफड एक नव्हे. बॅलन्स बिघडलेला असेल तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग सतत थरथरतं. खड्ड्याची गरज नसते आणि वेग थोडा वाढवला की कमीही होतं. तुमचं तसं नाही. धक्का बसल्यावर सुरू होऊन स्वतःच स्वतःला वाढवत नेणारी ही फडफड आहे. रिजिड अॅक्सलवर दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली असतात. कुठेतरी ढिलाई असली की एक चाक किंगपिनभोवती (नकल ज्या खुंट्यांवर वळते त्या) हलतं, दुसऱ्याला ओढतं, ते परत पहिल्याला ढकलतं. डँपरने हे दाबलं जातं, जात नाही. पंधरा दिवस बरं वाटलं ते त्यामुळेच. अलाइनमेंट मशीन चाक उभं असताना कोन मोजतं, प्ले मोजत नाही. त्यामुळे तो ओके म्हणाला त्यात त्याची चूक नाही.

तपासणी दोन माणसांनी करायची. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी फुकटचं काम: पुढचे टायर मागे, मागचे पुढे. हवा चारही टायरमध्ये सारखी. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल तर खरवडून काढा. कर्जतकडच्या शेतातली चिकट काळी माती रिममध्ये मूठभर जरी राहिली तरी बॅलन्स गेला. यानंतरही धक्का बसल्यावरच फडफडत असेल तर टायरचा विषय संपला.

मग गाडी जमिनीवरच ठेवून, चाकांवर पूर्ण वजन असताना, एकाने स्टिअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढंच भराभर डावी-उजवी हलवायचं. दुसऱ्याने खाली शिरून एकेका जोडावर बोटं ठेवायची, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही भाग एकदम हलले तर जोड चांगला. एक आधी आणि दुसरा मागून हलला तर तिथे ढिलाई. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. स्टिअरिंगकडून सुरुवात करून चाकाकडे या: कॉलमचा रबर कपलिंग आणि क्रॉस, बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट, बॉक्समधून बाहेर येणारा पिटमन आर्मचा शाफ्ट, ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं. बॉक्स स्वतः चेसिसवर हलतोय का तेही याच वेळी बघा. मोठ्या टायरच्या गाड्यांत बॉक्सचे बोल्ट ढिले होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे बोल्टभोवती चेसिसला केसाएवढी चीर जाते. वायर ब्रशने गंज-चिखल काढल्याशिवाय ती दिसत नाही.

टाय रॉड एंड पक्कडीत धरून दाबून बघणं हा गॅरेजचा आवडता प्रकार. त्यात स्प्रिंगवाला चांगला एंडही थोडा दबतो आणि बिचारा विनाकारण बाद होतो. बघायचं ते आडवं हलणं, वर-खाली दबणं नव्हे.

त्यानंतर अॅक्सलखाली जॅक आणि हॉर्स (लोखंडी स्टँड) लावा, चाक मोकळं करा. बारा आणि सहावर हात धरून आत-बाहेर हलवा. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग. तशीच राहिली तर किंगपिन. कारण ब्रेक लागल्यावर हब आणि नकल एक होतात, मग हलायला उरतं ते फक्त नकल आणि अॅक्सल यांच्यामधलं. हीच तपासणी नऊ आणि तीनवर केली तर बेअरिंग आणि टाय रॉड दोन्ही मिसळतात, म्हणून बारा-सहा आधी.

तुमच्या लक्षणांवरून पैज किंगपिनवर. ओघळ, सरळ न येणं आणि धक्क्यावर फडफडणं ही तिन्ही एकाच घरातली आहेत. बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळून ४५ मिमीचा प्ले कमी करायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. तो शेवटी.

---

ऑइलसील (वागळे इस्टेट)

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. ओघळ बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर आतलं अॅक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतंय. नुसतंच ग्रीस पाणी मिसळल्यासारखं करड्या-पांढऱ्या रंगाचं असेल तर बाहेरच्या सीलमधून पाणी आत गेलंय. पावसाळ्यात ओढे पार करणाऱ्या गाड्यांत बहुधा दोन्ही एकदम. डिफरन्शियलचा प्लग उघडून ऑइल ताकासारखं झालंय का तेही बघून घ्या.

किंगपिनचं काम असं:

चाक काढा. कॅलिपर सोडून तारेने पाट्याला बांधा, होजवर लोंबकळत ठेवू नका. फ्री-व्हील हब किंवा ड्राइव्ह फ्लँज काढा, शाफ्टच्या टोकाचा सरक्लिप काढा. हबचे लॉकनट काढायला योग्य मापाचा मोठा बॉक्स पाना लागतो. नाही मिळाला तर वागळे किंवा रबाळे एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपला पाइपवर करून घ्या. छिन्नी-हातोड्याने नट फिरवण्याची पद्धत इतकी रूढ आहे की जुन्या गाडीत नटाच्या कडा आधीच खाल्लेल्या मिळतात. त्या नटने पुढे बेअरिंगची अॅडजस्टमेंट नीट होत नाही, म्हणून तसा असेल तर नवीन नट आणि नवीन लॉक वॉशर.

हब, मग स्पिंडल, मग शाफ्ट. शाफ्ट बाहेर येताना डिफरन्शियलचं ऑइल मागोमाग येतं, खाली ट्रे ठेवा नाहीतर त्या बाजूने गाडी जास्त उचला. टाय रॉड एंड नकलपासून सोडवा. नकलच्या मागच्या सील कव्हरचे बोल्ट काढा. आता वरचं आणि खालचं किंगपिन. वरचं-खालचं आणि त्यांच्याखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) वेगवेगळे, खुणा करून ठेवा. खालचं किंगपिन ओढलं की बेअरिंग निसटून पडतं, हात खाली ठेवा.

बेअरिंगपेक्षा आधी बाहेरच्या कपाकडे (रोलर ज्यात फिरतात ती कडी) बघा. रॉकेलने धुऊन उजेडात धरा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आपटत राहतात आणि कपात समान अंतरावर उभ्या खळ्या पडतात. नखाला लागतात. या खळ्यांमुळे स्टिअरिंग मध्यावर अडकल्यासारखं होतं आणि वळणानंतर सरळ येत नाही. अशा वेळी शिम काढून आवळणं म्हणजे रोलर खळ्यांत अजून घट्ट बसवणं. नवीन बेअरिंग घ्या, चारही, दोन्ही बाजूंची. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला ढिलं अशी गाडी एकीकडे ओढते.

कप पितळी ड्रिफ्टने आलटून पालटून समोरासमोर ठोकून काढा. नवीन बसवताना जुना कप घासून बारीक केला की तोच ठोकायला कामाला येतो. पूर्ण बसला की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्दपणा जाऊन टणत्कार येतो.

नकलच्या गोळ्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील पहिल्याच पावसात फाटतं. बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, खड्डे खोल असतील तर आधी भरून घ्या. आतलं अॅक्सल सील याच वेळी बदला, त्यासाठी परत एवढं सगळं उघडायचं नसेल तर.

आता खरं काम, जे नव्वद टक्के ठिकाणी होतच नाही. सील न लावता, शाफ्ट बाहेर असताना, टाय रॉड न जोडता नकल बसवा. शिम जेवढे होते तेवढेच घाला. किंगपिनचे बोल्ट टॉर्कने आवळा. टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंग काटा अडकवून आर्मला काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणाचं वजन वाचा. १ ते १.८ किलोच्या मध्ये यायला हवं. कमी आलं तर शिम काढा, जास्त आलं तर घाला, आणि वरून-खालून सारखेच, नाहीतर नकल मध्यातून सरकते. मोठे टायर असल्याने वरच्या टोकाकडे, १.६ च्या आसपास ठेवा. सील लावून मोजलं तर सीलचं घर्षण मिसळतं आणि आकडा खोटा येतो.

नकलमध्ये ग्रीस भरताना जॉइंटमध्ये बोटांनी दाबून भरा. पण नकल गच्च भरू नका, गरम झाल्यावर ते सीलमधून बाहेरच येणार.

---

गायमुख_फोरबायफोर (ठाणे)

दोघांनी सांगितल्याप्रमाणे तपासलं. टायर पुढे-मागे केल्यावर काहीही फरक नाही.

बारा-सहाला डावीकडे स्पष्ट ढिलाई, ब्रेक दाबूनही तेवढीच. उजवीकडे अगदी किंचित. ओघळाला गिअर ऑइलचा वास आहे. टाय रॉडच्या डाव्या टोकाला बोटाला आडवं हलणं जाणवतं, बूट फाटलेला आहे. ड्रॅग लिंक, कॉलम, पिटमन शाफ्ट सगळं घट्ट. बॉक्सचे बोल्ट घट्ट, चीर नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, सगळी सील, टाय रॉड एंड. पाट्यांचे बुश कसे बघायचे? आणि लांब शॅकलचा यात काही हात आहे का?

---

पाटा_शॅकल (कळंबोली)

शॅकलचा हात आहे. एक इंच लांब शॅकल म्हणजे गाडी साधारण अर्धा इंच उचलली गेली. पण जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते टोक चेसिसपासून खाली गेलं की अॅक्सल फिरतो, किंगपिनचं वरचं टोक पुढे झुकतं आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मूळ कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास, म्हणजे मुळातच फार नाही. त्यातून एक-दीड अंश गेला की चाकाला सरळ यायची ओढच उरत नाही. खळ्या पडलेली बेअरिंग आणि कमी कॅस्टर, दोन्ही एकत्र असतील तर तुमच्या तिसऱ्या लक्षणाचा खुलासा झाला.

स्वच्छ उपाय म्हणजे मूळ मापाचं शॅकल परत लावणं. उंची ठेवायचीच असेल तर पाटा आणि अॅक्सलच्या बैठकीमध्ये दोन अंशांची पोलादी पाचर, जाड बाजू पुढे. अॅल्युमिनियमची नको, यू बोल्टच्या (पाटा आणि अॅक्सल एकत्र बांधणारा) दाबाने चुरते. पाचरीने कॅस्टर वाढतो, पण डिफरन्शियलचं तोंडही खाली झुकतं. त्यामुळे फोरव्हीलमध्ये पुढच्या प्रोपेलर शाफ्टला थरथर आली तर दोनवरून एकवर या. उंची आणि टायर मूळपेक्षा वेगळे असणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे एमएच-०४ वाल्यांनी (ठाणे आरटीओ) पासिंगच्या वेळी काढलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

बुश असे बघा. गाडी जमिनीवर, एकाने स्टिअरिंग जोरात डावी-उजवी करायचं, तुम्ही पाट्याच्या दोन्ही टोकांकडे बघायचं. पाट्याचा डोळा (टोकाची गोल गुंडाळी) पिनभोवती आडवा सरकला तर बुश गेला. मग लांब पहारीने डोळा आणि हँगर यांच्यामध्ये हलकंच उचकटून बघा. रबर थोडं हलणारच. लोखंड लोखंडाला टेकलं, रबर बाहेर भजीसारखं फुगलेलं किंवा फाटलेलं असेल तर बदला. शॅकलच्या पट्ट्या एकमेकींना समांतर आहेत का बघा, तिरक्या असतील तर बुश एका बाजूने संपलेत.

जुना बुश निघत नसेल तर ड्रिलने रबराला चार-पाच भोकं पाडून पोखरून काढा. जाळू नका. धूर विषारी असतो आणि पाट्याच्या डोळ्याचं पाणीही उतरतं. नवीन रबर बुश साबणाच्या पाण्याने बसवा, ऑइल-ग्रीस लावलं तर रबर फुगतं. पॉलियुरेथेन घेतले तर उलट, त्यांना सोबत येणारं ग्रीस लागतंच, नाहीतर महिन्याभरात जुन्या दारासारखे करकरतात.

यात सर्वात जास्त होणारी चूक: गाडी जॅकवर असतानाच शॅकलचे नट आवळणं. पाटा तेव्हा लोंबलेला असतो, रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली ठेवली की पिळवटतं. सहा महिन्यांत फाटतं, आणि मग दोष बुशच्या कंपनीला. नट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, बंपर दोन-चारदा दाबून हलवा, मग आवळा.

यू बोल्ट एकदा सोडला की नवीनच. त्याचे आटे ताणलेले असतात. कळंबोली आणि वाशीच्या ट्रक टर्मिनलकडचे पाटेवाले माप देऊन वाकवून देतात, फक्त आटे पाडलेला दर्जेदार गज मागा. फुलीच्या क्रमाने थोडं थोडं आवळा आणि ५०० किलोमीटरनंतर परत एकदा. सेंटर बोल्ट (पाट्याची पानं मध्यावर धरणारा) तुटलाय का ते कळायला दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर अॅक्सल सरकलेला असू शकतो.

---

ऐरोली_कच्चा_रस्ता

मधेच विचारतो, माफ करा. नवीन थार, २०२० नंतरची. पुढून डावीकडून खड्ड्यात 'टक' असा एकच आवाज. स्पीडब्रेकरवर हळू गेलं तरी येतो. बारा-सहाला हलवून काहीच सापडत नाही.

---

ऑइलसील (वागळे इस्टेट)

तुमची पुढची मांडणी वेगळी आहे, डबल विशबोन आणि कॉइल. तिथे जॅक कुठे लावला यावर उत्तर अवलंबून असतं. चेसिसखाली जॅक लावून आर्म लोंबते ठेवले तर स्प्रिंगचा जोर बॉल जॉइंट ताणून धरतो आणि ढिलाई लपते. स्प्रिंगचा भार ज्या आर्मवर आहे त्याच्याखाली, तुमच्या गाडीत खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितकं जवळ जमेल तितका जॅक लावा. चाक जमिनीपासून दोन बोटं उचला. मग टायरखाली पहार घालून चाक वर उचकटा आणि बॉल जॉइंटवर बोट ठेवा. वर-खाली हलणं जाणवलं तर तो गेला.

पण हळू वेगात एकच 'टक' म्हणजे आधी स्टॅबिलायझर लिंक (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा जोड) बघा. सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी जाणारा भाग. एका बाजूची लिंक सोडून ती बांधून ठेवा आणि सोसायटीच्या आवारात हळू चालवून बघा. आवाज गेला तर सापडलं. दोन्ही बाजूंच्या बदला. नट आवळताना स्टड फिरत असेल तर ॲलन कीने धरून फिरवा. इम्पॅक्ट गन लावली तर नवीन लिंकचा बूट तिथेच पिळवटतो.

लिंक नसेल तर शॉकपचा वरचा बुश. शॉकप स्वतः मेलाय का ते बघायची साधी युक्ती: खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबा, चारही शॉकपना उलट्या हाताने सांभाळून स्पर्श करा. काम करणारा गरम असतो. जो थंड आहे तो काम करत नाही.

---

दोन_नंबर_पाना (पनवेल)

गायमुखकर, टाय रॉड एंडबद्दल थोडं.

काढायच्या आधी दोन्ही टोकांच्या ग्रीस निपलच्या किंवा स्टडच्या मध्यातलं अंतर टेपने मोजून खडूने चेसिसवर लिहा. नुसते आटे मोजण्यावर विसंबू नका, नवीन एंडची लांबी दोन-तीन मिमी वेगळी असू शकते. एका टोकाला उलटे आटे असतात. लॉकनट फिरत नाही म्हणून जोर लावण्याआधी कुठल्या बाजूला फिरवताय ते बघा.

स्प्लिट पिन काढून कॅसल नट तीन-चार आटे शिल्लक ठेवून ढिला करा. पूर्ण काढला तर सुटताना रॉड थोबाडावर येतो. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर एक जड हातोडा नकलच्या आर्मच्या डोळ्यामागे टेकवून दुसऱ्याने समोरून डोळ्याच्या बाजूवर ठोका, टेपर आपोआप सुटतो. स्टडच्या टोकावर ठोकलं तर आटे फुलतात. फाटा असलेली पाचर ठोकणं जलद आहे, पण ती बूट फाडते. एंड फेकायचाच असेल तर चालेल.

नवीन बसवण्याआधी टेपरचं भोक बघा. ढिल्या एंडवर गाडी बराच काळ चालली असेल तर ते अंडाकृती होतं, आणि मग नवीन एंडही महिन्याभरात हलायला लागतो. लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. स्टडला मार्करची शाई लावून हाताने दाबून बसवा, थोडं फिरवून काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे. एकाच बाजूला पट्टा पुसला असेल तर नकल आर्म बदला, डोळ्यात वेल्डिंग भरून परत बोअर करणं स्टिअरिंगच्या भागावर नको. टेपरला ग्रीसही नको, कोरडा आणि स्वच्छ.

कॅसल नट टॉर्कने आवळल्यावर भोक जुळत नसेल तर पुढे आवळून जुळवा. मागे सोडून कधीही नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवीन.

शेवटी रॉड फिरवून दोन्ही बॉल एकाच कोनात मध्यावर आणा आणि मग लॉकनट. एक पुढे झुकलेला, दुसरा मागे, अशा अवस्थेत लॉक केलं तर रॉडला फिरायला जागा राहत नाही आणि उड्या मारताना एंडची मान तुटते.

चिखल धुताना प्रेशर वॉशर बूटांवर आणि सीलवर जवळून मारू नका. निम्मे एंड त्यानेच मरतात.

---

गायमुख_फोरबायफोर (ठाणे)

सगळं लिहून घेतलं. शॅकल मूळ मापाचंच लावतोय. दोन शंका राहिल्या. टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) घरच्या घरी बघता येईल का? आणि हे सगळं झाल्यावर बॉक्स तसाच ठेवायचा का?

---

पाटा_शॅकल (कळंबोली)

टो-इन येतो. रिजिड अॅक्सलवर पाचर सोडली तर जुळवता येणारी तेवढीच एक गोष्ट आहे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या मधोमध खडू धरून पट्टा काढा. त्या पट्ट्यावर खिळा घट्ट टेकवून चाक फिरवत एक बारीक रेघ ओढा. दोन्ही चाकांना. गाडी खाली ठेवा, सपाट जागेवर दोन-तीन मीटर पुढे ढकला म्हणजे टायर आपल्या जागी बसतात. मग हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने रेघ ते रेघ आणि मागच्या बाजूने रेघ ते रेघ मोजा. पुढचं अंतर २ ते ६ मिमीने कमी हवं. मोठ्या टायरवर २-३ पुरे. टाय रॉड फिरवून जुळवा. पुढचं अंतर जास्त निघालं तर गाडी रस्त्यावर भटकणार आणि टायर आतून झिजणार.

बॉक्स आधी फक्त बघा. प्लग काढून गिअर ऑइल आहे का. जिप्सीचा बॉक्स वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, निम्मे कोरडे निघतात. ९० नंबर भरा. मग सगळं बसवून झाल्यावर स्टिअरिंगचा प्ले परत मोजा. ३० मिमीच्या आत आला तर स्क्रूला हात लावू नका.

जास्त राहिला तरच: ड्रॅग लिंक सोडा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे ते मोजून बरोबर मध्यावर आणा. लॉकनट ढिला करून स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा फिरवा, नट धरा, स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवी फिरवून मध्यावर जड लागतं का बघा. बॉक्सचे दात मध्यावरच सर्वात घट्ट बसतात. म्हणून मध्य सोडून दुसरीकडे जुळवलं तर सरळ जाताना बॉक्स पकडतो. मध्यावर जड लागायला लागलं की तेवढं मागे घ्या आणि थांबा. दोन-तीन वेळा आठवा भाग फिरवूनही प्ले जात नसेल तर आतले बॉल आणि वर्म संपलेत, स्क्रूने ते भरून येत नाहीत.

डँपर काढून ठेवून आधी चाचणी घ्या, तोच खरा निकाल. घोडबंदर रोडवर नको, तिथे मागून कंटेनर असतात. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, ४० पासून सुरू करून पाच-पाचने वाढवा. फडफड आलीच तर स्टिअरिंग आवळून धरू नका, अॅक्सिलरेटर सोडा, हलका ब्रेक, गाडी सरळ ठेवून उतरू द्या. ७५ पर्यंत जोडांवरून शांत गेली की डँपर परत लावा.

---

ऑइलसील (वागळे इस्टेट)

एक राहिलं. पहिल्या २०० किलोमीटरनंतर किंगपिनचे बोल्ट परत टॉर्क करा. नवीन कप थोडे बसतात आणि प्रीलोड (काट्याने मोजलेला बेअरिंगचा घट्टपणा) उतरतो. काट्याने परत मोजायला सगळं उघडावं लागतं, तेवढ्यासाठी उघडू नका. बारा-सहाला ब्रेक दाबून हलवून बघा, ढिलाई नसेल तर सोडून द्या.